समुद्राकडची खिडकी

तुम्ही पाठवलेला फोटो पाकिटातून काढल्यावर मी तो आधी उलटा करून पाहिला. मागे नीलने लिहिलं आहे, ‘आजी, भिंत इतकी जाड आहे की आत फोनसुद्धा लागत नाही.’ मग सुलटा केला. समुद्रकाठचा गोल दगडी बुरूज, आणि त्याच्या पायथ्याशी वाऱ्याने केस उडालेली मीरा.

कुठलीही वस्तू आधी मागून बघायची ही सवय मला वेलकरभाऊंनी लावली. तसलाच एक बुरूज मुंबईतही होता, आणि तोही मला त्यांच्यामुळेच माहीत झाला. तुम्ही विचारलं आहे की असे बुरूज आपल्याकडे होते का. बुरुजाचं सांगायचं तर भाऊंचंच सांगावं लागेल, म्हणून हे लिहायला घेतलं. तुमचं मराठी वाचन अडलं तर आईला विचारा.

मी लग्न होऊन ठाकूरद्वारच्या वाडीत आले तेव्हा बी.ए. झाले होते, इंग्रजी विषय घेऊन, आणि त्याचा मला थोडा तोराही होता. आमच्या समोरच्या खोल्यांत मोरेश्वर वेलकर आणि त्यांच्या पत्नी ताराकाकी राहत. सगळी वाडी त्यांना भाऊ म्हणे. पाठारे प्रभूंचं जुनं मुंबईकर घराणं, फोर्टातल्या विमा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अंगाने काडी. स्वच्छ धोतर, काळा कोट, आणि कोटाच्या खिशात घडी घातलेला रुमाल. मुलंबाळं नव्हती.

पहिल्याच आठवड्यात ते आमच्याकडे चहाला आले. सासूबाईंनी कौतुकाने माझ्या हातचा भरतकामाचा टेबलक्लॉथ दाखवला. भाऊंनी तो सरळ पालथा केला आणि चष्मा कपाळावर चढवून मागची बाजू निरखली.

“गाठी फार आहेत,” ते म्हणाले. “पण दोरा वाया घालवलेला नाही. सून चांगली मिळाली, वहिनी.”

मी मनातून चिडले. नंतर कळलं की ते सगळ्यांशी असेच वागत. कपाट विकत घ्यायला कुणी त्यांना बरोबर नेलं तर ते कपाट भिंतीपासून ओढून मागची फळी पाहत. गणपती आणताना कारखान्यात मूर्तीच्या पाठीमागे जाऊन उभे राहत आणि मूर्तिकाराला म्हणत, “पुढून सगळेच छान करतात. पाठीला वळण दे.” कुणाची तक्रार घेऊन कुणी आलं की त्यांचा एकच प्रश्न असे, “मागून बघितलंस का?” वाडीतली मुलं त्यांची नक्कल करायची. एकमेकांच्या पाठीमागे जाऊन चष्मा वर केल्यासारखं करत म्हणायची, “शर्ट फाटलाय. पण मुलगा चांगला आहे.” भाऊ स्वतः ती नक्कल पाहून खोकला येईपर्यंत हसत.

दिवाळीत मुलं मातीचे किल्ले करतात हे तुम्ही फोटोंत पाहिलं आहे. आमच्या वाडीत दर दिवाळीला दोन किल्ले होत. एक मुलांचा. त्यावर अळिवाची हिरवळ, मावळे, पायथ्याशी गावातली बाजारपेठ आणि सिंहासनावर महाराज. दुसरा किल्ला भाऊंचा. त्यावर हिरवळ नसे, मावळे नसत, डोंगरसुद्धा नसे. कंबरेएवढा उंच, एकटा, गोल बुरूज. मातीत कोळशाची भुकटी कालवून ते तिला काळ्या दगडाचा रंग आणत आणि ओल्या मातीवर काडीने एकेक दगडाचा सांधा ओढत. पुढे समुद्र म्हणून पाण्याने भरलेली पितळेची परात.

“माझी परात गेली समुद्राला,” ताराकाकी गॅलरीतून ओरडत. “आता करंज्यांचं पीठ काय ह्यांच्या टकलावर मळू?”

“पाच दिवसांचा प्रश्न आहे, तारा.”

“लग्न झाल्यापासून पाचच दिवसांचा आहे!”

खरा बुरूज होता शिवडीला. किल्ल्यावरचा नव्हे, किल्ला टेकडीवर आहे, तो अजून पाहता येतो. हा त्याच्या बराच अलीकडे, मिठागरांच्या पलीकडे खाडीच्या अगदी काठाला होता. भरतीला तीन बाजूंनी पाणी, ओहोटीला नुसता चिखल आणि तिवरं. त्याला धड नावही नव्हतं. इंग्रजांनी कंपनीच्या काळात बंदरावर नजर ठेवायला तो बांधलेला. भाऊंनी मला त्याची रचना मातीत बोट फिरवून समजावली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे. पायथा रुंद आणि भिंत वर जाताना आत झुकलेली, म्हणजे तोफेचा गोळा आदळला तरी ठोकर बसून घसरावा आणि लाटही अंगावर फुटून खाली जावी. जमिनीच्या पातळीवर दार नाहीच. दार एका माणसाच्या उंचीच्याही वर. तिथे लाकडी शिडी लावायची आणि शत्रू आला की ती आत ओढून घ्यायची. माथ्यावर तोफ, आणि तिचं वजन पेलायला आत घुमट. बाहेरून पाहिलं तर बाकी सगळी आंधळी भिंत. मधूनमधून तळहात जेमतेम मावेल अशा उभ्या फटी, आणि त्याही वडाच्या मुळ्यांनी अर्ध्या झाकलेल्या.

भाऊंच्या मातीच्या बुरुजात मात्र एक गोष्ट जास्तीची असे. समुद्राच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, चांगली ऐसपैस खिडकी.

त्या खिडकीवरून वाडीत दरवर्षी थट्टा चाले. “भाऊ, बुरुजाला खिडकी कसली? शत्रूला चहाला बोलावणार आहात?” भाऊ खिडकीच्या कडा ओल्या बोटाने गुळगुळीत करत राहत.

कारण मला ताराकाकींनी सांगितलं. आम्ही दोघी कोळंबी सोलत बसलो होतो. कोळंबी घालून भाजायचं त्यांचं प्रभूंकडचं भानोलं कसं करायचं ते त्या मला शिकवत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, “त्या खिडकीला तू हसू नकोस हं, मालती.”

भाऊंचे वडील त्या बुरुजात नोकरीला होते. तोफांचे दिवस संपल्यावर तिथून येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना बावटे दाखवत. जहाजांचे बावटे वाचून कचेरीला कळवणारे कारकून म्हणून ते होते. भाऊ अगदी लहान असताना वडील प्लेगात गेले. घर रिकामं केलं, सामान जाळलं. फोटो नाही, अक्षर नाही, कपड्याची चिंधी नाही. भाऊ काकांकडे ठाकूरद्वारला वाढले. वडिलांची म्हणून त्यांच्याजवळ एकच आठवण होती. बुरुजातल्या मोठ्या खिडकीत ते वडिलांच्या मांडीवर बसले आहेत, भिंतीतली एक थंडगार लोखंडी कडी त्यांनी मुठीत धरली आहे आणि समोर सगळा समुद्र पसरला आहे. इतकंच. वडिलांचा चेहरासुद्धा त्यात नव्हता, कारण ते पाठीमागे होते.

“आणि काका काय म्हणायचे माहीत आहे? म्हणे, सरकारी बुरुजात पोराला कोण सोडतंय? स्वप्न पाहिलं असशील,” काकी म्हणाल्या. “मोठे झाल्यावर हे स्वतः होडी करून बाहेरून पाहून आले. सगळीकडून भिंत. खिडकी नाहीच. तरी दर दिवाळीला करतात.”

“आत जाऊन पाहिलं नाही?”

“कुलूप असतं ना. दोर आणि डांबर ठेवतात तिथे.” मग कोळंबीचा काळा दोरा ओढत त्या हळूच म्हणाल्या, “कुलूप आहे तेच बरं आहे.”

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं होती. गिरगावात सभा, मोर्चे, प्रभातफेऱ्या. कधी हरताळ, कधी अश्रुधुराने डोळे चुरचुरत मुलं शाळेतून परत. आमच्या वाडीत सगळ्यांचा पुढारी सुधाकर. तिसऱ्या मजल्यावर राहायचा, परळच्या एका गिरणीच्या कचेरीत नोकरीला होता, सत्याग्रह करून तुरुंगातही जाऊन आला होता. आवाज खणखणीत, मन चांगलं, धीर मात्र नाही. भाऊंचंही ह्या चळवळीवर प्रेम होतं. सभेला ते रुमाल डोक्यावर टाकून शेवटच्या रांगेत उभे राहत. घोषणा देताना त्यांचा आवाज फुटे.

शेवटच्या काळातली एक दिवाळी. राज्य होणार अशी बोलवा होती, पण हातात अजून काही आलं नव्हतं. सुधाकरने ठरवलं की त्या वर्षी वाडीचा एकच किल्ला व्हावा, रस्त्यावरून दिसेल असा, आणि त्यावर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ अशी पाटी असावी. तो अंगणात आला तेव्हा भाऊंचा बुरूज होत आला होता.

“भाऊ, महाराजांचे एवढे किल्ले पडलेत, आणि तुम्ही दरवर्षी इंग्रजांचा बुरूज घेऊन बसता. आज, ह्या दिवसांत?”

“हुकूम इंग्रजांचा असेल,” भाऊ शांतपणे म्हणाले. “दगड इथला आहे. घडवणारे पाथरवट इथले, चुना मळणारे इथले. बुरूज लंडनहून आगबोटीने नाही आला.”

मुलं हसली. सुधाकरही हसला, कारण मुद्दा त्याला आवडला. “बरं, मग हाच ठेवू. पाटी ह्याच्यावर लावू. मुंबईचा बुरूज! पण ती खिडकी तेवढी बुजवा. तटाला एवढं मोठं भगदाड आणि वर ‘मुंबई आमची’? पलीकडच्या वाडीतले हसतील आम्हाला.”

एवढ्या वर्षांत भाऊंनी त्या खिडकीबद्दल कुणाचं ऐकलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना वाटलं, आताही ऐकणार नाहीत. त्यांनी परातीतल्या पाण्यात हात बुडवले, मातीचा एक गोळा उचलला आणि खिडकीत दाबून बसवला. मग अंगठ्याने सारखा करून त्यावर काडीने सांधे ओढले.

“तुझं बरोबर आहे,” ते म्हणाले. “तिथे खिडकी नाही. मी पाहून आलोय.”

सुधाकर खूश होऊन पाटी रंगवायला गेला. मी वर पाहिलं. ताराकाकी गॅलरीत उभ्या होत्या. परातीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवाळीत त्यांच्या घरून आमच्याकडे फराळाचं ताट आलं, पण भाऊ स्वतः आले नाहीत. आले असते तर माझ्या नव्या पडद्याची मागची बाजू पाहिली असती.

तुमचे आजोबा तेव्हा सरकारी बांधकाम खात्यात होते. दिवाळीनंतर काही आठवड्यांनी जेवताना ते म्हणाले, “तुझ्या भाऊंचा बुरूज जाणार. तिथून मालगाडीचा रूळ न्यायचाय. दोर-डांबर हलवलं, आता मोजमाप घ्यायला आम्ही जातोय. त्यांना यायचं असेल तर घेऊन ये. नंतर पाहायला काही राहणार नाही.”

मी उड्या मारतच समोर गेले. भाऊ बाहेर गेले होते. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

“त्यांना सांगू नकोस.”

“काकी, जन्मभर वाट पाहिली आहे त्यांनी!”

“म्हणूनच. आत गेले आणि खिडकी नसली तर? आता निदान कुलपाच्या मागे असेल असं तरी आहे. बापाचं दुसरं काय आहे गं त्यांच्याकडे?”

मी निघाले, तर दारात भाऊ. किती ऐकलं होतं कोण जाणे. त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला, नेहमीप्रमाणे आधी त्याची मागची बाजू झटकली.

“कधी जायचंय, मालती?” त्यांनी विचारलं.

काकी म्हणाल्या, “मी पण येणार.”

तुमच्या तान्ह्या आईला सासूबाईंकडे ठेवून आम्ही गेलो ती सकाळ स्वच्छ होती आणि ओहोटी लागलेली. तुमचे आजोबा आणि त्यांची माणसं पुढे गेली होती. मी तो बुरूज प्रथमच खरा पाहिला, आणि आश्चर्य म्हणजे तो मला ओळखीचा वाटला. भाऊंनी मातीत ओढलेले सांधे जसेच्या तसे होते. दाराला शिडी लावलेली होती. काकी नऊवारीचा काष्टा घट्ट करत म्हणाल्या, “खाली बघू नका कुणी,” आणि भाऊंच्या आधी चढून गेल्या.

आत डांबराचा वास आणि गारवा. दार सोडलं तर उजेड नव्हता. मध्ये गोल खोली, खाली पाण्याचं टाकं, आणि वर जाणारा जिना खोलीत नव्हे तर भिंतीच्याच पोटात. भिंत एवढी जाड की तिच्या आतून माणूस आरामात वर चढतो. भाऊंनी जिन्याशी थांबून भिंतीवर तळहात ठेवला. “वसंता, तू पुढे हो,” ते तुमच्या आजोबांना म्हणाले. त्यांचा आवाज सभेत घोषणा देताना फुटे तसा फुटला होता.

वरच्या मजल्यावर घुमटाखाली आम्ही पोचलो. मी आधी पाहिलं ते आजोबांच्या तोंडाकडे. ते हसत होते.

समुद्राच्या बाजूच्या भिंतीत एक कोनाडा होता. कोनाडा कसला, लहानशी खोलीच. आतल्या बाजूला दारासारखा रुंद, आणि दोन्ही कडांच्या भिंती तिरप्या होत होत बाहेरच्या टोकाला एका उभ्या फटीत मिटलेल्या. खालचा दगड बसून बसून गुळगुळीत झालेला. बाहेरून दिसणारी तळहाताएवढी फट हीच. आतल्या माणसाला बंदूक डावीउजवीकडे फिरवता यावी आणि बाहेरच्याला आत नेम धरता येऊ नये, म्हणून अशी बांधतात, असं आजोबा सांगू लागले होते. त्यांचं बोलणं अर्ध्यावर राहिलं.

भाऊ कोनाड्यात शिरून बसले होते. बाहेरच्या उजेडाने डोळे मिटले होते की मुद्दाम मिटले होते, सांगता येत नाही. त्यांचा डावा हात भिंतीवरून हळूहळू खाली सरकत आला आणि एका ठिकाणी थांबला. दगडात बसवलेली लोखंडी कडी होती, गंजून काळी झालेली. त्यांनी ती मुठीत धरली.

काकींनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, “जन्मभर जगाला सांगत आलात, मागून बघा, मागून बघा. आणि स्वतः होडीत बसून पुढूनच बघत राहिलात!”

भाऊ हसले ते थेट खोकला येईपर्यंत. काकी जवळ गेल्या आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवत तिथेच उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने भाऊंनी मला हाक मारली. “मालती, एक काम कर. खाली उतर आणि समुद्राच्या बाजूला जाऊन उभी राहा. मी दिसतो का बघ.”

मी चपला हातात घेऊन पायथ्याच्या दगडांवरून, चिखल चुकवत, पलीकडे गेले. वर पाहिलं. काळी भिंत, मुळ्या, आणि ती अंधारी फट. फटीतून आवाज आला, “दिसतोय का?”

“नाही, भाऊ.”

“नीट बघ.”

“काहीच दिसत नाही!”

“मला तू अख्खी दिसतेस,” भाऊ वरून ओरडले. “चपला हातात आहेत तुझ्या. मागे होडी चाललीय. सगळं दिसतंय!”

पुढे काही महिन्यांत बुरूज पाडला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य झालं. वाडीत दिव्यांच्या माळा लागल्या, सुधाकरने भाऊंना उचलून घेतलं, काकी ओरडल्या, “मोडतील रे, ठेव खाली!” दिवाळी आली तेव्हा भाऊंनी पुन्हा बुरूज केला. ह्या खेपेला त्यांनी समुद्राकडून नुसती एक बारीक फट ठेवली. सुधाकर पाहून म्हणाला, “शेवटी पटलं ना, भाऊ? खिडकी बुजवलीत!”

“हो रे बाबा,” भाऊ म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बुरूज मागच्या बाजूने उघडा होता. तिथे त्यांनी पाट मांडला होता. मागे येऊन जो बसेल त्याला दाखवायचं, बाकीच्यांना नाही, असा त्यांचा नियम. तुमची आई तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. तिला मांडीवर घेऊन ते फटीतून वाडीचा रस्ता दाखवत, आणि ती परातीतल्या समुद्रात हात घालायला धडपडे.

त्याच पाडव्याला आम्ही वाडी सोडली. तुमच्या आजोबांना अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत जागा मिळाली होती, आणि नव्या घरात जायला मुहूर्त चांगला होता. काकींनी टॅक्सीत भानोल्याचा डबा दिला आणि रडू येऊ नये म्हणून ड्रायव्हरलाच दम भरला. भाऊ कुठे दिसेनात. नंतर भेटू, येऊन जाऊन राहू, असं सगळेच म्हणत होते; तसं घडलं नाही, पुढच्या पावसाळ्यातच ते गेले.

टॅक्सी वाडीच्या तोंडाशी वळली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. अंगणात बुरूज उभा होता, समोर परातीतलं पाणी उन्हात चमकत होतं. बुरुजाच्या आसपास कुणी नव्हतं. काळी भिंत आणि तिच्यात एक फट, एवढंच.

मी तुमच्या आईला उचलून काचेशी धरलं आणि आम्ही दोघींनी हात हलवला.